ओळखचोरी : तोतयाची नवी रूपे

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते खरोखरच पडले की निसटले, हा संशय मराठी मुलखातून पुढे कित्येक वर्षे गेला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही वैधव्य स्वीकारले नाही. या संशयाच्या आधारावर एक परका इसम ‘मीच भाऊसाहेब’ असे सांगत पुढे आला. १७७६ साली त्याने कोकणात बंड उभारले, माणसे जमवली, किल्ले हस्तगत केले आणि अखेर पकडला जाऊन पुण्यात देहदंड भोगला. ‘भाऊसाहेबांचा तोतया’ म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. आजही वर्तमानपत्रात ‘तोतया पोलीस’, ‘तोतया अधिकारी’ असे मथळे येतात तेव्हा मराठी वाचकाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

त्या तोतयाचे काम मात्र अवघड होते. त्याला चेहरेपट्टीचे साम्य हवे होते, घराण्यातील माणसांची नावे व नाती मुखोद्गत हवी होती आणि मुख्य म्हणजे, ज्यांनी खऱ्या भाऊसाहेबांना पाहिले होते अशांच्या नजरेसमोर उभे राहण्याचे धाडस हवे होते. आजच्या तोतयाला कोणासमोर उभे राहावेच लागत नाही. बारा आकडी आधार क्रमांक, दहा अक्षरी पॅन, जन्मतारीख, आईचे नाव, मोबाइल क्रमांक असे पाच-सहा तुकडे जुळले की तो दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड घेऊ शकतो, कर्ज काढू शकतो, खाते उघडू शकतो आणि त्या खात्यातून गुन्ह्याचा पैसाही फिरवू शकतो. यालाच ओळखचोरी म्हणतात. यातील ‘चोरी’ हा शब्द किंचित फसवा आहे. घरातून दागिना गेला तर तो जागेवर नसल्याचे दिसते. ओळख चोरीला गेली तरी ती मूळ मालकापाशी जशीच्या तशी असते. म्हणूनच चोरीचा पत्ता त्याला बहुधा महिन्यांनी, कधी वर्षांनी लागतो.

परिचयाकडून माहितीकडे

बँक व्यवसायात ‘ओळख’ हा शब्द जुना आहे. एके काळी बचत खाते उघडायचे तर त्याच शाखेतील एखाद्या जुन्या खातेदाराची, ओळख देणारी सही अर्जावर लागत असे. गावातील मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, किराणा व्यापारी यांच्या अशा सह्या शाखांच्या दप्तरांत शेकड्यांनी सापडत. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्यासाठी बँकेचा दरवाजा त्या एका सहीपाशीच अडत असे. नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद वा दिल्लीस गेलेल्या मराठी कुटुंबालाही परगावी ‘ओळख’ कोणाची आणावी, हा प्रश्न पडे.

२००२ साली रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ या तत्त्वावर मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कागदपत्रांना महत्त्व आले. कालांतराने ओळख देणाऱ्याची अट गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही, सातबारा नाही, वीजबिल नाही, अशा माणसाला देशभर कोठेही दाखवता येईल अशी ओळख प्रथमच मिळाली. हा लाभ लहान मानण्याचे कारण नाही. परंतु या प्रवासात एक गोष्ट बदलली. पूर्वी ओळख म्हणजे परिचय होता. आता ओळख म्हणजे माहिती झाली. परिचयाची झेरॉक्स निघत नाही, माहितीची निघते.

ती झेरॉक्स कोठे कोठे जाते, याचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. लॉजच्या वहीत, सिमकार्डाच्या दुकानात, मंगल कार्यालयाच्या आरक्षणात, भाडेकराराच्या दलालाकडे, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जासोबत आधारची प्रत मागितली जाते आणि निमूटपणे दिली जाते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु येथील प्रादेशिक कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कोणालाही सरसकट देऊ नये’ असे प्रसिद्धिपत्रक काढले. त्याचा विपर्यास होईल या कारणास्तव दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ते मागे घेण्यात आले. सूचना मागे गेली तरी त्यातील सल्ला व्यवहार्य होता, असेच म्हणावे लागेल. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेवढे दाखवणारी झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते आणि पुष्कळ ठिकाणी तेवढी पुरते. प्रतीवर आडवी सही करून, ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली हे लिहिण्याची जुनी रीतही सोडण्यासारखी नाही.

जुन्या खात्यावर डल्ला

ओळखचोरीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे चालू खात्यातील पैसा काढून घेणे. २००५ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून काही लाख डॉलर परस्पर वळवले. त्यासाठी संगणकाचे कुलूप तोडण्याची गरज पडली नाही. ग्राहकांनीच किल्ली सांगितली. त्याच वर्षी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेच्या नावाने ई-मेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्यांविरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयासमोर निकाली निघाला. ‘फिशिंग’ या शब्दाची आपल्याकडील न्यायालयीन ओळख तेव्हाची.

कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाली. अनेक प्रगत देशांच्या आधी भारताने उचललेले हे पाऊल होते. त्यामुळे केवळ कार्डाचा क्रमांक चोरून भागेना. ओटीपी हवा झाला. मग तो मागण्यासाठी दूरध्वनी सुरू झाले. ‘केवायसी अपुरे आहे, आज रात्री खाते बंद होईल’, ‘वीजबिल थकले आहे, रात्री साडेनऊला जोडणी तोडू’, ‘निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला घरबसल्या नोंदवून देतो’ ही त्यांची ठरलेली वाक्ये. यांतील शेवटचे वाक्य विशेष क्लेशदायक आहे, कारण ते नोव्हेंबर महिन्यात, नेमके निवृत्तिवेतनधारकालाच ऐकू येते आणि बोलणाऱ्यापाशी त्याचे नाव, निवृत्तीची तारीख, कधी पत्ताही असतो. एवढी माहिती असलेला माणूस परका कसा असेल, असे त्या वृद्धाला वाटले तर त्याला भोळा म्हणणे बरोबर नाही. समोरच्याला आपली माहिती असणे म्हणजे तो आपला असणे, हे त्याच्या पिढीचे गृहीत होते आणि ते जन्मभर खरे ठरले होते.

बँकांच्या खऱ्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नाव घेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ठरवून दिले, तसेच बँकांनी सेवा व व्यवहारविषयक दूरध्वनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावेत, असेही सांगितले. या खुणा उपयोगी आहेत. पण खरा अधिकारीही ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागत नाही, ही जुनी खूण त्यांहून सोपी आहे.

मोबाइल अचानक मुका होतो तेव्हा

सर्व पडताळण्या मोबाइल क्रमांकाशी येऊन थांबतात, हे ओळखल्यावर चोरांनी तो क्रमांकच पळवण्यास आरंभ केला. खोट्या ओळखपत्राच्या आधारे सिमकार्ड हरवल्याची बतावणी करायची आणि त्याच क्रमांकाचे नवे कार्ड मिळवायचे. नवे चालू झाले की खऱ्या मालकाच्या हातातील कार्ड निकामी होते. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतील एका व्यापाऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास काही मिस्ड कॉल आले, त्याचे सिमकार्ड बंद पडले आणि एका रात्रीत त्याच्या कंपनीच्या खात्यांतून सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये गेले. ‘नेटवर्क नाही, सकाळी पाहू’ असे कोणालाही वाटेल अशी ती वेळ होती, आणि ती हेरूनच निवडली जाते. अलीकडे ई-सिमचाही वापर होतो. त्यात ग्राहकाला बोलण्यात गुंतवून त्याच्याकडूनच एक संदेश पुढे पाठवून घेतला जातो आणि क्रमांक दुसऱ्याच्या फोनवर जातो.

दूरसंचार विभागाने नवे सिमकार्ड दिल्यानंतर पहिले २४ तास त्यावर लघुसंदेशांची सेवा बंद ठेवण्याचा आदेश २०२२ मध्ये दिला. त्या एका दिवसाच्या अवधीत खऱ्या मालकाने जागे व्हावे, हा हेतू. गर्दी नसलेल्या ठिकाणी, आजूबाजूच्यांचे फोन सुरू असताना आपलाच फोन तासाभराहून अधिक मुका राहिला, तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारणा करणे हा आगाऊपणा नव्हे.

याच्या उलट प्रकारही आहे : आपला क्रमांक शाबूत, पण आपल्या नावावर तिसऱ्यानेच घेतलेली सिमकार्डे चालू. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर स्वतःच्या नावे किती जोडण्या आहेत हे पाहता येते व अनोळखी जोडणी बंद करण्याची मागणी तेथेच नोंदवता येते. पाच मिनिटांचे काम आहे. ते केल्यावर आपल्या नावे भलतीच सिमकार्डे सापडलेले लोक थोडे नाहीत.

न काढलेले कर्ज

ओळखचोरीचे जे रूप सर्वांत उशिरा उघडकीस येते आणि कुटुंबाला सर्वाधिक मनस्ताप देते, ते म्हणजे दुसऱ्याच्या पॅनवर काढलेले कर्ज. एखादे नवविवाहित जोडपे असे समजावे. दोघे नोकरदार, घराची आगाऊ रक्कम भरलेली, गृहकर्जाचा अर्ज शाखेत दिलेला. शाखा पतअहवाल मागवते आणि त्यात पतीच्या नावे तीन हजार, पाच हजार, आठ हजारांची चार कर्जे थकलेली दिसतात. कर्जे देणाऱ्या ॲपची नावेही त्याने ऐकलेली नसतात. रक्कम इतकी किरकोळ की ती भरून मोकळे व्हावे, असा सल्ला हितचिंतक देतात. तो सल्ला धोक्याचा आहे. परतफेड केली की कर्ज आपलेच होते हे मान्य केल्यासारखे होते, आणि थकबाकीची नोंद त्याने पुसलीही जात नाही. इकडे ‘सिबिल खराब आहे’ असा शेरा कानावर येतो, बिल्डरची मुदत जवळ येते आणि जे कर्ज कधी घेतलेच नाही ते घेतले नसल्याचा पुरावा कोठून आणावा, हे कळत नाही. न घडलेल्या गोष्टीची पावती नसते.

असे घडते कसे? फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून अनेकांच्या पॅनवर परस्पर छोटी कर्जे निघाल्याचे समाजमाध्यमांवर उघड झाले. तक्रारदारांत एक चित्रपट अभिनेत्रीही होती. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीची रीत तर आणखी बोधक आहे. तिने नामवंत अभिनेते व क्रिकेटपटू यांच्या नावे क्रेडिट कार्डे मिळवली होती. पॅन मिळवला कोठून, तर जीएसटी क्रमांकातून. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा पॅनच असतो, आणि हा क्रमांक प्रत्येक पावतीवर छापावा लागतो. प्रसिद्ध माणसाची जन्मतारीख तर सर्वांना ठाऊक असते. कागदपत्रांवर छायाचित्र मात्र टोळीतील माणसांनी स्वतःचे लावले. म्हणजे ज्या माहितीला गुपित मानून पडताळणी केली जात होती, ती मुळात गुपित नव्हतीच. पॅन हे नाव आहे, कुलूप नव्हे, एवढी साधी गोष्ट काही कर्जदात्या संस्थांना कळण्यास वेळ लागला.

जे कर्जाचे, तेच कराचे. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला कोट्यवधींच्या उलाढालीबद्दल करखात्याची नोटीस आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागे बहुधा त्याच्या पॅन-आधारवर उघडलेली कागदोपत्री पेढी असते. मे २०२३ पासून देशभर खोट्या जीएसटी नोंदण्या शोधण्याची विशेष मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून या रोगाचा पसारा लक्षात यावा.

यावरचा उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकास वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, हा नियम २०१७ पासून लागू झाला. चार कंपन्यांकडून दर तीन महिन्यांनी एकेक अहवाल मागवला तर वर्षभर पहारा राहतो आणि खर्च काहीच येत नाही. आपला अहवाल एखाद्या संस्थेने पाहिला की लघुसंदेश अथवा ई-मेल येण्याची तरतूदही २०२४ पासून झाली आहे. असा संदेश आला आणि आपण कोठेच कर्ज मागितलेले नसेल, तर तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आयकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात आपल्या पॅनवर नोंदवलेले व्यवहार दिसतात; तेही विवरणपत्र भरण्याच्या घाईत नव्हे, तर सवडीने पाहावेत.

अंगठ्याचा ठसा

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड हरवले तर नवे मिळते. अंगठा मात्र एकच. ‘आधार’वर आधारित भरणा व्यवस्थेत बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात. ओटीपी लागत नाही, वाचता-लिहिता येण्याचीही गरज नाही. दुर्गम भागातील वृद्धेला पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शाखेऐवजी गावातल्या बँक मित्राकडे निवृत्तिवेतन मिळते ते याच व्यवस्थेमुळे, आणि म्हणून तिच्यावर सरसकट टीका करणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभे राहून पाहावे.

चोरांनी मात्र या सोयीतील फट शोधली. नोंदणी कायद्याच्या कलम ३२-अ नुसार दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र व बोटांचे ठसे घ्यावे लागतात. काही राज्यांत असे दस्त संकेतस्थळांवर सर्वांना पाहण्यास खुले होते. त्यातच आधार क्रमांकही असे. तेथून ठसा उचलायचा, सिलिकॉनसारख्या पदार्थावर त्याची प्रतिकृती बनवायची आणि यंत्रावर टेकवायची. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने याच रीतीने बनावट ठसे तयार करून दुसऱ्यांच्या नावे सिमकार्डे चालू केल्याचे उघड झाले. पुढे अनेक राज्यांत अशा ठशांनी खात्यांतून पैसे काढले गेले. ज्याने नुकतीच जमीन विकली, ज्याच्या खात्यात त्यामुळेच रक्कम आहे आणि ज्याचा ठसा त्याच दस्तावर आहे, तोच सावज ठरावा, यातील क्रूर योगायोग नजरेआड करता येत नाही.

२०२३ मध्ये प्राधिकरणाने, यंत्रावर टेकलेले बोट जिवंत माणसाचे आहे की नाही हे तपासणारी प्रणाली लागू केली. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या व्यवस्थेतील केंद्रचालकांची पडताळणी अधिक कडक करण्याचे निर्देश दिले. ग्राहकाच्या हाती असलेला उपाय म्हणजे बायोमेट्रिक माहितीला कुलूप लावणे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वा ॲपवर ते लावता येते आणि हवे तेव्हा उघडता येते. ज्यांना अंगठ्याने पैसे काढण्याची गरजच पडत नाही अशा शहरी ग्राहकांनी ते बारमाही लावून ठेवावे. ज्यांचा महिना त्या अंगठ्यावर चालतो त्यांना हा सल्ला देऊन भागणार नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मागून घेणे आणि पासबुक महिन्यातून एकदा भरून घेणे, हाच पहारा. यंत्राने ‘व्यवहार अयशस्वी’ म्हटल्याचे सांगून दुसऱ्यांदा अंगठा मागितला जातो तेव्हा तर पावती अवश्य मागावी.

भाड्याने दिलेली ओळख

येथवर ओळख चोरीला गेली. पण ती भाड्यानेही दिली जाते, आणि या प्रकाराकडे घराघरांतून फारसे लक्ष गेलेले नाही. महाविद्यालयीन मुलाला मित्र सांगतो, ‘तुझे खाते काही दिवस दे, पाच हजार मिळतील.’ खाते उघडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड हवाली केले जाते. त्या खात्यातून कोणा निवृत्ताची लुबाडलेली पुंजी तासाभरात चार राज्यांत फिरते. ज्याने खाते दिले त्याला त्यातले काहीच ठाऊक नसते; मात्र तपास करणाऱ्या पोलिसांना कागदावर पहिले नाव त्याचेच दिसते. परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्या राज्यातील पोलीस ठाण्याची नोटीस घरी येते आणि मुलाचे वडील शाखेत येऊन विचारतात, ‘साहेब, याने चोरी केलेली नाही हो, मग गुन्हा कसला?’ या प्रश्नाला सौम्य उत्तर नाही. स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरण्यास देणे हेच त्या साखळीतील पहिले काम असते.

काही वेळा खाते न देताही माणूस या साखळीत सापडतो. शासकीय योजनेचा लाभ मिळवून देतो, असे सांगून मजुरांच्या वस्तीत कागदपत्रे व अंगठे घेतले जातात आणि त्यांवर खाती उघडली जातात. अशी भाड्याची वा बनावट खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने तयार केलेली ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. यंत्र आपले काम करील. परंतु ज्याचा व्यवसाय ‘मजुरी’ लिहिला आहे त्याच्या खात्यात आठवड्याभरात चाळीस लाखांची आवक-जावक दिसली, तर ती काउंटरवरील डोळ्यांनाही दिसायला हवी. खाती उघडण्याच्या उद्दिष्टापुढे कधी कधी ते डोळे मिटतात, हे बँकेतील मंडळींनीच मान्य केलेले बरे. अर्जासोबत जोडलेल्या प्रती मूळ कागदांशी ताडून पाहिल्याचा शिक्का मारताना मूळ कागद खरोखरच समोर होते का, हा प्रश्न शिक्का मारणाऱ्याने स्वतःला विचारावा. तसेच नामंजूर अर्ज, जादा निघालेल्या झेरॉक्स, चुकलेले छापील खातेउतारे यांची विल्हेवाट शाखेत कशी लागते, तेही पाहण्यासारखे आहे. ग्राहकांची नावे व क्रमांक असलेला कागद फाडून चिंध्या केल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

भीतीचाच गळ

ओळखचोरीविषयी जागृती वाढली आणि चोरांनी त्या जागृतीलाही कामाला लावले. ‘तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’, ‘तुमच्या पॅनवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला’, अशा दूरध्वनीने सुरू होणारी ‘डिजिटल अटक’ ही याच भीतीवर उभी आहे. आपली ओळख चोरीला गेली असेल, हे ऐकणाऱ्याला शक्य वाटते, कारण तसे घडते हे त्याने वाचलेले असते. २०२४ साली लुधियानाच्या एका नामवंत उद्योगपतीला अशा रीतीने ७ कोटी रुपयांना फसवले गेले. त्यासाठी पडद्यावर सर्वोच्च न्यायालयाचे खोटे कामकाज उभारले होते आणि सरन्यायाधीशाच्या आसनावर तोतया बसवला होता. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. कोणतेही न्यायालय वा तपासयंत्रणा चौकशीसाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ हलवायला सांगत नाही. तरीही या प्रकारात उच्चशिक्षित माणसे मुदतठेवी मोडायला शाखेत येतात. घाबरलेला, फोन कानाशी धरून उभा असलेला, ‘घरी कोणाला सांगू नका’ असे बजावलेला ज्येष्ठ नागरिक ठेव मुदतीआधी मोडू लागला, तर त्याला आत बसवून पाणी द्यावे आणि फोन खाली ठेवून दोन मिनिटे बोलावे. ठेव त्याची आहे व ती देणे बँकेला भाग आहे, हे खरे. पण त्या दोन मिनिटांत बऱ्याचदा भीती ओसरते.

२०२४ या एका वर्षात सायबर आर्थिक फसवणुकीत देशातील नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. त्यातील प्रत्येक रुपया ओळखचोरीचा नव्हे. पण कोणाच्या तरी नावाचा गैरवापर झाल्याविना अशी फसवणूक सहसा पुरी होत नाही.

घडल्यानंतर

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६-क हे ओळखचोरीचे स्वतंत्र कलम आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड अथवा अन्य ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. संगणकसाधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ६६-ड लागू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कायद्याचे चाक हळू फिरते, पैसा वेगाने पळतो. म्हणून पैसे गेल्याचे दिसताच पहिला दूरध्वनी १९३० या क्रमांकावर आणि दुसरा स्वतःच्या बँकेला करावा. १९३० वर कळवलेली रक्कम पुढच्या खात्यात असतानाच अडवण्याची यंत्रणा २०२१ पासून काम करते. तिचे यश मिनिटांवर अवलंबून असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असल्याचे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. तिसऱ्याच कोणाच्या दोषाने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोशीस पडू नये, हे तत्त्वही त्यातलेच. मात्र ग्राहकानेच ओटीपी वा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, असेही त्यात म्हटले आहे. पुष्कळ तक्रारी याच वाक्यापाशी येऊन अडतात. लाजेने वा घरच्यांच्या भीतीने कळवण्यात घालवलेली एक रात्र महाग पडते ती यामुळेच.

न घेतलेल्या कर्जाची वाट निराळी. ज्या संस्थेच्या नावे कर्ज दिसते तिच्याकडे लेखी हरकत, कर्जाचा मूळ अर्ज, त्यावरील छायाचित्र, आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली याच्या तपशिलाची मागणी करावी. बहुधा हा शेवटचा तपशीलच खरे-खोटे करतो, कारण पैसा तोतयाच्या खात्यात गेलेला असतो. सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडावी आणि तीच हरकत पतमाहिती कंपनीकडेही नोंदवावी. अशा तक्रारीचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तीस दिवस उलटूनही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकीलही लागत नाही. या सर्व पत्रव्यवहाराच्या पोचपावत्या एका फायलीत, तारीखवार लावून ठेवाव्यात. पुढच्या कर्जाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा विचारला जाण्याचा संभव असतो.